खरा असेल तर परत येईल

काका आता कुणाचाही फोन उचलतात.

विमा विकणाऱ्यांचा, कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचा, चुकून लागलेला. पहिल्याच घंटेला उचलतात आणि समोरचा बोलून दमेपर्यंत ऐकतात. मग म्हणतात, "नकोय मला. पण फोन केलात ते बरं केलंत." काकू तेव्हा आपल्या ताटाकडे बघत राहतात.

हे तेच काका, ज्यांनी अनोळखी नंबरचा पहिला फोन वर्षानुवर्षं वाजूच दिला नव्हता.

ते माझे सख्खे काका नाहीत. आमचं लहानसं प्रकाशन ज्या इमारतीत आहे, तिथले इंटरकॉम आणि वायरिंग ते बघतात. पूर्वी ते टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंज बंद पडलं आणि ते इथे आले. मी साहित्याची पदवी घेऊन मुद्रितं तपासायला लागले, त्याच सुमारास माझ्या टेबलाखालची तार दुरुस्त करायला ते आले होते. टेबलाखालूनच त्यांनी विचारलं, "मगापासून काय कटकट चाललीय गं तुझी?"

"मेल उडवतेय. नको ते मेल. सकाळ यातच जाते."

"म्हणजे कचरा घरात येऊ द्यायचा आणि मग झाडत बसायचं." ते बाहेर आले, गुडघे झटकले. "विदुषी, कचरा दारात अडवायचा असतो."

त्या दिवसापासून मी विदुषी झाले. आणि माझा मेल काकांच्या घरी राहायला गेला.

घरी म्हणजे खरोखरच घरी. त्यांच्या घरात शिरलं की एक अरुंद बोळ लागतो. तिथे चपलांच्या कपाटावर एक जुना काँप्युटर होता. त्याला पडदा नव्हता, की-बोर्ड नव्हता, नुसती पेटी. पंखा सारखा घुरघुरायचा. तो काकांचा सर्व्हर. त्यांचा, काकूंचा, दोन-चार जुन्या सहकाऱ्यांचा आणि आता माझा मेल आधी त्या पेटीत यायचा. तिथे पारखला जायचा. मगच आमच्या फोनपर्यंत पोचायचा.

"बाकीचे लोक एवढ्यासाठी कंपन्यांकडे जातात," काकू म्हणायच्या. "आमच्याकडे चपला काढायला जागा नाही, पण टपाल कचेरी आहे."

पारखण्याच्या दोन पायऱ्या होत्या. दुसरी शब्द बघून ठरवायची. लॉटरी, बक्षीस, त्वरा करा, असलं काही दिसलं की बाजूला. तिला रोज शिकवावं लागायचं आणि तरीही ती चुकायची. काकांना तिचं फार कौतुक नव्हतं. त्यांचा जीव होता तो पहिल्या पायरीवर.

ती त्यांनी मला कपाटाशी उभं राहून समजावली. अनोळखी ठिकाणाहून मेल आला की त्यांचा सर्व्हर तो वाचतसुद्धा नाही. दारातच सांगतो, आत्ता घेता येत नाही, थोड्या वेळाने परत या. बस. खरा मेल पाठवणारा सर्व्हर थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. मग त्याला आत घेतात, आणि पुढे कधीच अडवत नाहीत. फसवणाऱ्यांना मात्र लाखो दारं ठोठावायची असतात. एकाच दारात दोनदा यायला त्यांना सवड नसते.

"वाचायचं नाही, तपासायचं नाही, कुणावर संशय घ्यायचा नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "फक्त परत या म्हणायचं. खरा असेल तो परत येतो."

मला ते सुंदर वाटलं. मी तसं म्हणाले. काका लाजले आणि पंख्यावरची धूळ पुसू लागले.

माझा मेल स्वच्छ झाला. इतका की सुरुवातीला चुकल्यासारखं व्हायचं.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. तेव्हा लक्षात आलं की तो नियम पेटीत राहिलेला नव्हता. काकांनी फोनही तसाच लावून ठेवला होता. अनोळखी नंबर पहिल्यांदा आला की वाजायचा नाही. तोच नंबर लगेच पुन्हा आला तर वाजायचा. दारावर काही विकायला कोणी आलं की, "उद्या या." इमारतीत कुणी तक्रार सांगितली की, "उद्या पुन्हा सांगा." दुसऱ्या दिवशी सांगितली तर ते हातातलं काम टाकून धावायचे. त्यांचं म्हणणं, निम्म्या तक्रारी रात्रीतून आपोआप बऱ्या होतात.

"मला बघायला आले तेव्हाही हेच," काकू म्हणाल्या. "नंतर कळवतो म्हणाले. माझ्या बाबांनी परत निरोप पाठवला म्हणून जमलं. नाहीतर सुटले असते मी."

"बघ! खऱ्या होत्या म्हणून परत आल्या."

"मी नव्हते आले. बाबा आले होते. मी तर देव पाण्यात घालून बसले होते, यांनी नाही म्हणावं म्हणून."

काका पोट धरून हसले. त्या घरात हसणं पुष्कळ होतं. हे सांगायला हवं, कारण आता नाही.

काकांना एक धाकटा भाऊ होता. पन्नाशीला आला तरी सगळे त्याला छोट्या म्हणत. मी छोटूकाका म्हणायचे. ते रंगारी होते. हात असा की भिंतीवर ब्रशची एक रेघ दिसायची नाही. लग्न झालं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायचे. आणि प्यायचे.

काकांचं घर त्यांनीच रंगवलं होतं. बोळ रंगवताना त्यांना ती पेटी हलवायची होती. काका हलवू देईनात, सर्व्हर बंद पडेल म्हणून. मग छोटूकाकांनी पेटीच्या कडेकडेने रंग मारला. "पेटीमागे जुनाच रंग आहे हं, ताई," त्यांनी मला एकदा सांगितलं. "दादाला माहीत आहे. पण जगाला सांगू नकोस, माझं नाव खराब होईल."

ते दर थोड्या महिन्यांनी यायचे. दारातच उभे राहायचे. टर्पेंटाइनचा वास आणि त्याखाली दुसरा वास. "दादा, या वेळेला खरंच सोडली." सुरुवातीला काका त्यांना आत घ्यायचे, अंघोळ घालायचे, रात्र रात्र बोलत बसायचे. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले. दोन्ही वेळा छोटूकाका मधूनच पळून आले. तिसऱ्यांदा काकांनी कानाला खडा लावला.

त्यानंतर त्यांनी भावालाही नियम लावला. कितीही रडला तरी एकच उत्तर. "उद्या ये. खरं असेल तर उद्या येशील."

छोटूकाका उद्या यायचे नाहीत. महिन्याभराने यायचे, पुन्हा पिऊन, पुन्हा तेच घेऊन. काका दुसऱ्या दिवशी जेवताना दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघा. आला का?" त्यात विजय नसायचा. पण नियम चुकला नाही, एवढं समाधान असायचं. काकू भांडी घासायला उठायच्या.

मधे एकदा नियम चुकला होता. तोही सांगते.

मी एका मोठ्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. उत्तर येईना. फोन केला तर बाई म्हणाल्या, आम्ही कधीच मेल पाठवलाय. मी काकांना सांगितलं. ते आतल्या खोलीतल्या दुसऱ्या काँप्युटरसमोर बसले आणि सर्व्हरची नोंद वरून खाली वाचत गेले. मग कपाळावर हात मारून हसले.

"अगं, आला होता. कितीदा तरी आला होता."

जेवणाच्या टेबलावर त्यांनी चमचे मांडून दाखवलं. मोठ्या संस्थांकडे पाठवणारी यंत्रं पुष्कळ असतात. माझं पत्र पहिल्या यंत्राने आणलं. आमच्या सर्व्हरने परत या म्हटलं. पत्र परत आलं, पण दुसऱ्या यंत्राकडून. सर्व्हरला वाटलं, हा नवा. परत या. मग तिसरं यंत्र. परत या.

"एकच माणूस," काका म्हणाले, "दर वेळी वेगळ्या दाराने येतोय. आणि आमचा द्वारपाल दर वेळी म्हणतोय, तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय."

"मग द्वारपालाला अक्कल नको?" काकूंनी विचारलं.

"त्याला चेहरा दिसत नाही गं. दार तेवढं दिसतं."

त्यांनी त्या विद्यापीठाला सूट देऊन टाकली. पत्रात नकारच होता. आम्ही त्यावरही हसलो.

त्यानंतरचा एक रविवार. जेवणं झाली होती. मी आणि काकू टेबल आवरत होतो. बेल वाजली. काकांनी दार उघडलं.

छोटूकाका होते. दाढी केलेली. गळपट्टीपर्यंत बटणं लावलेला धुतलेला शर्ट. कपाळ घामाने भिजलेलं. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती आणि चौकट धरलेला तो हातही हलत होता.

"दादा, मी सोडली."

"बरं."

"काल सकाळपासून घेतली नाही. केंद्रात विचारून आलो. ते घ्यायला तयार आहेत. पण घरचं माणूस बरोबर पाहिजे म्हणतात. मागे दोनदा पळालो ना, म्हणून. तू चल."

"आज?"

"आज. आत्ता. रविवारी पण घेतात."

मला काकांची पाठ दिसत होती. ती पाठ मी अजून विसरलेले नाही. थोडीशी पुढे झुकली होती, पाऊल उचलण्याआधी झुकते तशी. मग सरळ झाली.

"उद्या ये, छोट्या. खरं असेल तर उद्या येशील."

छोटूकाका हसले. "तुझ्या त्या पेटीसारखं नको ना बोलूस."

"उद्या ये. मी कामावर जात नाही. सकाळपासून घरी थांबतो. तू आलास की त्याच पावली निघू. शब्द देतो."

"उद्याचं मला नाही सांगता येत, दादा."

"तेच तर म्हणतोय मी."

छोटूकाकांनी मान हलवली, समजल्यासारखी. त्यांची नजर बोळातल्या भिंतीकडे गेली. कपाटाच्या वर कोपऱ्यातला रंग थोडा उडाला होता. "ओल आलीय वाटतं. सुटलो की येऊन मारून देतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ताई, पेटीमागचाही मारतो या वेळेला," आणि जिना उतरले. कठडा धरून, एकेक पायरी.

काका आत आले. खुर्चीत बसले.

"हात बघितलेत त्याचे?" काकूंनी विचारलं.

"नेहमीच हलतात."

"अहो, आज वास नव्हता."

काकांनी दाराकडे बघितलं. म्हणाले, "उद्या येईल."

सोमवारी काकांनी खरंच सुट्टी काढली. काकूंनी नंतर सांगितलं, सकाळी लवकर अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ते दाराशी खुर्ची टाकून बसले. केंद्रात लागतील ते कागद पिशवीत घातले. छोटूकाकांसाठी आपले दोन सदरेही त्यातच ठेवले. दुपारी जेवायला उठले नाहीत. बेल वाजली आणि ऐकू आली नाही असं नको, म्हणून रेडिओही लावू दिला नाही.

बेल वाजली नाही.

संध्याकाळी मी कामावरून सरळ तिकडे गेले. काका तसेच बसले होते. मला बघून त्यांनी हात पसरले. "बघ. आला का?"

मग त्यांनी खिशातून फोन काढला. न वाजलेल्या फोनची यादी बघितली. दिवसभरात तीन अनोळखी नंबर होते. "जाहिराती," ते म्हणाले. "एकही नंबर दोनदा नाही." आणि फोन पुन्हा खिशात ठेवला.

त्यांनी पिशवीतले सदरे काढून कपाटात नीट ठेवले.

मंगळवारी सकाळी घरमालक आला. छोटूकाकांचा. खोलीचं दार आतून लावलेलं होतं, ढकलून उघडावं लागलं, एवढं सांगून तो चपलांच्या कपाटाला टेकून उभा राहिला.

हॉस्पिटलमध्ये मी काका-काकूंबरोबर होते. लांब बाक, भिंतीवर अर्ध्यापर्यंत तपकिरी रंग, फिनेलचा वास. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्या हळू आवाजात सांगत होत्या. वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली की शरीराला ते झेपत नाही. घाम येतो, हात कापतात, मग झटके येतात. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं लागतं. झटका आला तेव्हा जवळ कोणी नव्हतं.

काकांनी विचारलं, "म्हणजे तो प्यायला नव्हता?"

"नाही. अंगात थेंबही नव्हता."

"नक्की?"

"काका, म्हणूनच गेले ते."

काकांनी मान डोलावली. समजल्यासारखी. तशीच मान मी रविवारी दारात बघितली होती. मला तेव्हा कळलं की दोघे भाऊ एकसारखे दिसत होते. इतके दिवस ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सगळं उरकून आम्ही घरी आलो. घरमालक दारापर्यंत आला आणि त्याने एक पिशवी दिली. तीत धुतलेला टॉवेल, साबण, दाढीचं सामान, नवा ब्रश. केंद्रात न्यायची तयारी होती ती. फोन नव्हता. काकूंनी विचारलं तेव्हा घरमालक म्हणाला, "फोन त्याने आठवड्यापूर्वीच टाकून दिला. प्यायला बरोबर बसणारे सारखे बोलवायचे ना. म्हणाला, त्यांचा आवाजच नको यायला."

काकांनी सावकाश खिशात हात घातला.

कालचे ते तीन नंबर काका लावत होते तेव्हा मी शेजारी होते. फोन त्यांनी टेबलावर आवाज मोठा करून ठेवला होता.

पहिला नंबर रंगाच्या दुकानाचा होता. "हो, आमचा जुना रंगारी. काल सकाळीच आला होता. भावाला फोन करायचाय म्हणाला. लागला नाही. मी म्हटलं पुन्हा कर, तर म्हणाला कामात असेल, आपणच निघतो."

दुसरा कुणा बाईंचा. बसथांब्यावर त्यांनी फोन दिला होता. "बसमध्ये चढताच येईना हो त्यांना. मला वाटलं प्यायलेत. खरं सांगते, मी जरा लांबच उभी राहिले."

तिसरा औषधाच्या दुकानाचा. "दुपारी पायरीवर बसले होते. घामाने चिंब. मी फोन लावून दिला, कोणी उचलला नाही. मी विचारलं, दवाखान्यात सोडू का? तर म्हणाले, नको, माझा दादा घरीच थांबलाय माझ्यासाठी. शब्द दिलाय त्याने. थोडा पडतो आणि जातो." मग दुकानदाराने विचारलं, "पोचले ना नीट?"

काका म्हणाले, "हो. आभारी आहे."

त्यांनी फोन बंद केला आणि उताणा टेबलावर ठेवला. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांना कळलासुद्धा नसावा.

"तीन दारांनी आला," काका म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "मला ठाऊक होतं गं. चमचे मांडून सांगितलं होतं मी."

मग उठून ते आतल्या काँप्युटरपाशी गेले. थोडा वेळ काहीतरी टाइप करत राहिले. बोळातल्या पेटीचा पंखा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्यांनी पहिली पायरी काढून टाकली होती. दुसरीही.

याला आता बरेच महिने झाले. काका कामावर जातात. कुणी तक्रार सांगितली की त्याच मिनिटाला शिडी उचलतात. इमारतीतले लोक खूश आहेत. दारावर कोणी आलं की त्याला आत बसवतात, पाणी देतात, वस्तू नको असली तरी ती कशी चालते ते बघून घेतात. काकू एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "चिडले असते, रडले असते, तर मला काही करता आलं असतं. हे सगळ्यांना हो म्हणतात. कुणाकुणाच्या चेहऱ्यात त्याला शोधतात, देव जाणे."

बोळातल्या कोपऱ्यातला रंग आणखी उडाला आहे. दुसरा रंगारी बोलवायचं नाव कोणी काढत नाही.

माझ्या मेलमध्ये आता रोज ढीग असतो. लॉटऱ्या, वजन उतरवायची औषधं, परदेशातल्या कुणा विधवेची इस्टेट. सकाळची वेळ पुन्हा त्यात जाते. भरभर उडवता येत नाहीत. मी एकेक उघडते, शेवटपर्यंत वाचते, मग काढते. दुसरीकडे पत्ता घेणं सोपं आहे. मी घेतलेला नाही.

काका दर रविवारी विचारतात.

"विदुषी, मेल नीट येतात ना?"

"येतात, काका."

"सगळे?"

"सगळे."

ते मान डोलावतात. मग टेबलावरचा फोन वाजतो. काकू ताटाकडे बघतात. काका हात पुसायच्या आधीच तो उचलतात.

"बोला," ते म्हणतात. "मी आहे."